काचेच्या दवाखान्याचं शून्य

आमच्या जावयाला जेवताना आकडे बोलायची खोड होती. ताटात पुरणपोळी पडलेली, वरून तुपाची धार चाललेली, आणि हा माणूस सांगतोय की जिल्ह्यात शंभर बायकांमागे इतक्या बायकांच्या अंगात रक्तच नाही. ऐकणारीच्या घशाखाली घास उतरावा कसा? इथं मी त्याला ‘हा’ म्हणते, पण तोंडावर ‘जावईबापू’ आणि ‘तुम्ही’. लेकीचा संसार त्याच्या घरात होता, म्हणून माझी जीभ मी तेवढ्यापुरती दावणीला बांधून ठेवली होती.

त्याचं नाव नवनाथ. जिल्ह्याच्या गावी आरोग्याच्या ऑफिसात कामाला. कुठल्या दवाखान्यात किती बाळंतपणं झाली, किती माणसं दगावली, हे सगळीकडून त्याच्या टेबलावर यायचं आणि हा बेरीज मारून वर धाडायचा. औषधातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. पण आमच्या भागात आरोग्याचं ऑफिस म्हटलं की निम्मा डॉक्टरच. तो आला की आजूबाजूच्या मळ्यांतल्या बाया पदर सावरत यायच्या. कुणाचा गुडघा, कुणाची साखर, कुणाच्या नातवाचा खोकला. तो औषध सांगायचा नाही, एवढा प्रामाणिक होता. तो आकडा सांगायचा. आणि बाया आकडा घेऊन समाधानानं घरी जायच्या. खोकला तिथंच.

त्या दिवशी कांचनचं, माझ्या एकुलत्या एका लेकीचं, डोहाळजेवण होतं. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमची रीत. सातव्यात ओटी भरायची आणि लेक ठेवून घ्यायची. नवनाथ तिला पोचवायला आला होता. बायकांच्या कार्यक्रमात पुरुषानं रेंगाळू नये, पण जावई पडला. त्याला सोप्यात वेगळं पान मांडलं.

“मामी,” तो म्हणाला. आमच्याकडं जावई सासूला मामीच म्हणतात. “बाळंतपणाचं ठिकाण मी ठरवलंय.”

पोळी वाढता वाढता माझा हात थांबला. “तुम्ही ठरवलंय?”

“तालुक्यातला तो नवा दवाखाना. काचेचा. सुरू झाल्यापासून तिथं मृत्यू शून्य. आई नाही, बाळ नाही. अख्ख्या जिल्ह्यात असा दुसरा नाही. माझ्याच टेबलावरनं जातात हे आकडे.”

“जावईबापू, पहिलं बाळंतपण माहेरचं असतंय. बाळंतीण आमची, बाज आमची, शेगडी आमची. दवाखाना तेवढा तुमचा व्हय?”

“तसं नाही मामी. मी फक्त माहिती दिली.”

“माहिती दिली का हुकूम दिला?”

दाराआडच्या बायका खुसखुसल्या. त्याचे कान लाल झाले, पण मान ताठच.

तेवढ्यात आतून कांचन आली. हिरवी साडी, केसांत फुलांची वाडी, आणि चाल अशी की जशी चिखलातनं चाललीय. “आई, नर्सबाई म्हणत होत्या सिव्हिलला नाव घाला. माझं बीपी सारखं वर जातंय म्हणे. पाय बघ.” पाय खरंच सुजले होते. पैंजणं रुतायला लागली म्हणून तिनं सकाळीच काढून ठेवली होती.

“सिव्हिल?” नवनाथ म्हणाला. “गेल्या वर्षी सिव्हिलला किती बाया गेल्या, ठाऊक आहे का तुला?”

आणि त्यानं आकडा सांगितला. तो आकडा आज माझ्या ध्यानात नाही. दाराआडचं हसणं बंद झालं एवढं आहे.

मला त्या आकड्याची गरज नव्हती. माझी पाठची बहीण गजरा बाळंतपणाला त्याच सरकारी दवाखान्यात गेली होती. आपल्या पायांनी चालत गेली, आली ती चादरीत. तेव्हापासून जिल्ह्याच्या बाजाराला जायचं झालं तरी मी त्या रस्त्यानं जात नसे. वळसा घालून भाजी मंडईमागनं जायची.

“सिव्हिलचं नाव काढायचं न्हाई,” मी म्हणाले.

जावयाचं आणि माझं आयुष्यात पहिल्यांदा एकमत झालं. आम्ही दोघांनी एकमेकांकडं जरा आश्चर्यानंच बघितलं. तो पुन्हा पोळीकडं वळला. कांचन ओटीतला नारळ पोटाशी धरून उभी होती. ती आणखी काही बोलेल असं वाटलं, पण कुणीतरी पाळण्याचं गाणं धरलं आणि तिला आत नेलं.

मग मी तो काचेचा दवाखाना बघून आले. मला आवडला. खोटं कशाला बोलू? चपला दारातच काढायला लावल्या. फरशीत तोंड दिसावं इतकी लख्ख. कुठं रडणं नाही, ओरडणं नाही. दाराशी मोठी पाटी, तिच्यावर दोन ओळी आणि ओळींच्या शेवटी दोन शून्यं, चांगली ताटलीएवढी. माझी शाळा दुसरीतच सुटली, पण शून्य वाचायला काही शाळा लागत नाही. डॉक्टर नीटनेटका, बोलायला गोड. “काळजी सोडा आजी,” म्हणाला. मला त्या वेळी आजी म्हणण्यासारखं काही झालेलं नव्हतं, तरी मी ऐकून घेतलं.

दिवस भरायला अजून अवकाश होता. एके सकाळी आम्ही पडवीत पानं निवडत बसलो होतो. आमचा पानमळा आहे, विड्याच्या पानांचा. कांचन भिंतीला टेकून बसली होती. हातातलं पान तिनं खाली ठेवलं आणि डोळे चोळले.

“आई, डोळ्यांपुढं जाळी आल्यागत झालंय.”

“निजली न्हाईस रातच्याला.”

“तसं न्हाई गं. पान दिसतंय, पानाची शीर दिसत न्हाई. आणि डोकं असं दुखतंय जसं कुणी आतनं ठोकतंय.”

मी तिच्या तोंडाकडं बघितलं. तोंडसुद्धा सुजलेलं होतं. अशोकला, माझ्या थोरल्याला, हाक मारली. त्यानं जीप काढली.

काचेच्या दवाखान्यात डॉक्टरनं तिच्या दंडाला पट्टा गुंडाळला, हवा भरली, आणि त्याच्या भुवया वर गेल्या. परत एकदा भरली. भुवया तिथंच.

“दाखल करून घेऊ. सलाईन लावू. दुपारपर्यंत वाट बघू,” तो म्हणाला.

“कशाची वाट?”

“औषधाचा गुण येतो का बघू, आजी.”

बाहेर येऊन अशोकनं नवनाथला फोन लावून दिला. “मामी, घाबरू नका,” तो पलीकडनं म्हणाला. “योग्य ठिकाणी आहात. तिथं आजवर एकही—”

“ठावं हाय,” मी म्हणाले आणि फोन अशोकच्या हातात दिला.

दुपार झाली. कांचनला जरा डोळा लागला असं वाटलं. मी तिच्या पायांवरनं हात फिरवत होते. एकाएकी ते पाय ताठले. बघते तर डोळे वर गेलेले, दातखीळ बसलेली, आणि सगळं अंग असं उडायला लागलं की लोखंडी खाट फरशीवर वाजायला लागली. मी ओरडले असेन. माणसं धावत आली. डॉक्टरनं इंजेक्शन दिलं. अंग निवलं, पण कांचन शुद्धीवर आली नाही. तोंडातनं घरघर येत होती.

डॉक्टरनं घाम पुसला. “हिला सिव्हिलला न्या. आत्ताच्या आत्ता.”

“सिव्हिलला? आन् हितं?”

“इथं भूल द्यायला माणूस नाही, रक्त नाही. हे इथलं काम नाही.”

“मग सकाळी का न्हाई सांगितलंसा?”

तो चिठ्ठी खरडत होता.

“अहो डॉक्टर, तुमच्या हितं तर कुणी मरत न्हाई. मग ठेवा की हिला.”

“म्हणूनच सांगतोय, वेळ घालवू नका,” तो म्हणाला. बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच कसंतरी झालं असावं. त्यानं चिठ्ठी अशोकच्या हातात दिली आणि आत निघून गेला.

दोघा माणसांनी तिला उचलून आमच्याच जीपमध्ये मागं आडवी केली. एक बाई फडकं घेऊन आमच्यामागनं दारापर्यंत आली. कांचनला उचलताना पाणी सांडलं होतं, ते ती पुसत येत होती. आम्ही पायरी उतरलो आणि तिची फरशी पुन्हा लख्ख झाली.

वाटेत आणखी एक झटका आला. “कांदा हुंगवा तिला,” अशोक पुढनं ओरडला. जीपमध्ये मी कांदा कुठनं आणू? तिचं डोकं मांडीवर घट्ट धरलं आणि नाव घेत राहिले. देवाचं नाही, तिचंच. ज्या रस्त्यानं मी इतकी वर्षं गेले नव्हते, त्या रस्त्याला जीप वळली, तेव्हा माझ्या ध्यानातसुद्धा आलं नाही.

सिव्हिलच्या दारात नुसता कालवा. माणसं, गाड्या, डबे, गाठोडी. वास. पण तिथल्या एका लहानखुऱ्या डॉक्टरीणबाईनं कांचनकडं एक नजर टाकली आणि जणू घरातलंच कुणी आलंय तशी धावली. पट्टा बांधता बांधता मला विचारलं, “सकाळपासून कुठं होता?”

“तालुक्याला. काचेच्या दवाखान्यात.”

तिनं पट्ट्यात हवा भरली. तिच्याशेजारची नर्स सुई भरत होती. ती म्हणाली, “म्याडम, त्यांची आज तिसरी.”

आणि दार लागलं.

मी व्हरांड्यात भिंतीला टेकून बसले. तिथं माझ्यासारख्याच बाया बसल्या होत्या. शेजारची जरा वयस्कर होती, पदराची गाठ सोडायची आणि पुन्हा बांधायची.

“लेक का सून?” तिनं विचारलं.

“लेक. तुमची?”

“सून. सकाळी आणलीय. लई रगत गेलं.” तिनं गाठ पुन्हा सोडली. “तुम्हाला कुणी धाडलं?”

“काचेच्या दवाखान्यानं.”

“आम्हालाबी,” ती म्हणाली. जसं एका गावच्या निघालो.

तिच्या पलीकडची बाई रडत होती. तिला दुसऱ्या तालुक्यातल्या कुठल्या डॉक्टरनं पाठवलं होतं. मी म्हणाले, “तो डॉक्टर बरा न्हाई व्हय?”

“छ्या. देवमाणूस हाय,” ती डोळे पुसत म्हणाली. “त्याच्या हाताखाली आजवर एकबी दगावली न्हाई. आमचंच कसं वंगाळ नशीब म्हणायचं.”

मी तिच्याकडं बघत राहिले.

आम्ही पानं खुडून आणतो तेव्हा दोन ढीग करतो. चांगलं पान माझ्या डालग्यात, टिक्का पडलेलं, फाटलेलं पान थोरल्या सुनेच्या डालग्यात. बाजारात माझं डालगं उघडलं की व्यापारी म्हणतात, आक्कांच्या पानाला नाव ठेवायला जागा नाही. सुनेच्या डालग्याला नाक मुरडतात. वेल एकच, माती एकच, पाणी एकच. हे मी किती वर्षं करत होते. त्या व्हरांड्यात बसून मला माझं डालगं दिसलं. आम्ही सगळ्याजणी सुनेच्या डालग्यात बसलो होतो.

दिवेलागणीच्या आधी डॉक्टरीणबाई बाहेर आली. माझ्यासमोर उकिडवी बसली, फरशीवरच. “लेक वाचली,” ती म्हणाली. “अजून दोन दिवस जपायला लागेल. पण वाचली.”

“आन् बाळ?”

“मुलगी आहे. श्वास नीट घेत नाहीये. आम्ही बघतोय. आईला झटके आले की बाळाला हवा कमी पडते. थोडं लवकर आला असता तर…” ती उठली आणि आत गेली.

नवनाथ ऑफिसातनं तसाच आला होता, खांद्याला पिशवी. त्याला आत बोलावलं. मीही गेले. बाळ चांगलं मोठ्या कपाळाचं होतं, आमच्या घराण्याचं कपाळ. छाती चिमणीसारखी हलत होती, थांबत होती. मग थांबली ती हललीच नाही. नर्सनं तिला दुपट्यात गुंडाळून त्याच्या हातात दिली.

“वजन किती?” त्यानं विचारलं.

नर्सनं सांगितलं.

तो ते वजन पुन्हा म्हणाला. आणखी एकदा म्हणाला. मग भिंतीकडं तोंड करून उभा राहिला, पोरीला धरून. त्या वेळी मला त्याचा राग आला नाही. ज्याला जे येतं त्याला तो धरून ठेवतो.

कांचनला घरी आणली. बाज होती, शेगडी होती, धुरी होती, बाळ तेवढं नव्हतं. दूध मात्र आलं. दुधाला कोण सांगणार? आटावं म्हणून मी तिच्या छातीवर मोगऱ्याच्या कळ्या बांधायची. मोगऱ्याचा वास आजही मला सहन होत नाही. नवनाथ रविवारी यायचा, सोप्यात बसायचा, चहा घ्यायचा, जायचा. मळ्यांतल्या बाया आता त्याला काही विचारायला येत नव्हत्या. दुःखातल्या माणसाला काय गुडघा सांगायचा?

दिवाळी झाल्यावर तो तिला न्यायला आला. वाळला होता. सदरा खांद्यावर टांगल्यासारखा दिसत होता. मी ताट वाढलं. तो मान खाली घालून जेवत होता, आकडा नाही की शब्द नाही. मला वाटलं, माणूस ठिकाणावर आला. किंमत फार द्यावी लागली, पण आला. आत कांचन पिशवी भरत होती. तिला जायचं होतं, तिनंच त्याला बोलावून घेतलं होतं.

तेवढ्यात शेजारच्या मळ्यातली पारूबाई आली. तिची सून दिवसांत होती. पारूबाई माझ्याकडं न बघता सरळ त्याच्यासमोर जाऊन बसली.

“साहेब, इचारावं का नको असं झालंय. तुमच्यावर एवढं येऊन गेलेलं. पर दुसरं कुणाला इचारायचं? आमच्या सुनेच्या पायावर सूज आलीया. नर्सबाई सिव्हिल म्हणतीया, आन् आमचं मालक काचेचा म्हणत्यात. आकड्यानं बघितलं तर कुठं न्यावं?”

नवनाथनं ताटातनं हात काढला. पाठ सरळ केली. किती दिवसांत त्याला कुणी काही विचारलं नव्हतं. सुकलेल्या रोपाला पाणी घालावं तसं त्याचं तोंड झालं. मी बघत होते.

“आकड्यानं म्हणाल तर काचेचाच,” तो म्हणाला. “तिथं अजूनही शून्य आहे.”

आत पिशवीची खसखस थांबली.

पारूबाई घोटाळली. “अजून शून्य? मग तुमची बाळी…”

“ती सिव्हिलला गेली. जीव जिथं जातो तिथं नोंद होते. तसा नियम आहे.”

“ती नोंद कुणी केली?” मी विचारलं.

“महिन्याची बेरीज माझ्याकडंच असते, मामी.”

“म्हंजे तुम्ही.”

“मी फक्त बेरीज केली.”

“आन् त्या दिवशी सकाळधरनं दुपारपतुर कांचन कुठं निजली होती? ते कुठं लिवलंसा?”

“त्याला रकाना नाही.”

“झटका आल्यावर जिला दाराबाहेर काढली, तिला?”

“तिलाही नाही. ती पुढच्या दवाखान्यात धरतात.” तो आता ऑफिसातल्यासारखा बोलायला लागला होता. “मामी, तुमचं दुःख मला कळतं. माझंही तेच आहे. पण एका घटनेवरनं असं ठरवता येत नाही. हजारात एखादी होते. ती आपल्या वाट्याला आली.”

“एकीवरनं ठरवू नये, हे बरोबर बोललासा,” मी म्हणाले. “मी गजरावरनं ठरवलं. सिव्हिलला जन्मभर शिव्या घातल्या, आन् माझी लेक वाचवली ती सिव्हिलनं. म्हणून मी एकीचं बोलतच न्हाई. त्या व्हरांड्यात बसलेल्या सगळ्या बायांचं बोलतीय. कुणाला कुणी धाडलं ते एकदा जाऊन इचारा. सगळ्यांचा डॉक्टर देवमाणूस. सगळ्यांच्या पाटीवर शून्य. मग त्या सिव्हिलात मरत्यात त्या बाया येत्यात तरी कुठनं?”

त्याला हे कळत नव्हतं असं नाही. दिवसभर त्याच तक्त्यांत बसणारा माणूस. त्याला माझ्या आधी कळलं असेल. त्याची बोटं ताटाच्या कडेवरनं फिरत होती.

“मग मी काय म्हणू, मामी?” तो म्हणाला. आवाज चिरकला होता. “शून्य खोटं आहे म्हणू? मग तिला तिथं धाडणारा कोण?”

पारूबाई जमिनीकडं बघत होती. तेव्हा मला दिसलं की तो त्या शून्याला का धरून बसला होता. ते फुटलं असतं तर तो एकटा उरला असता.

दया आली मला. पण पारूबाईची सून शेजारच्या मळ्यात सुजल्या पायांनी बसली होती.

कांचन दारात आली, हातात पिशवी. “पारूकाकू, सिव्हिलला न्या,” ती म्हणाली. “मला तिथंच जायचं होतं. उद्याच नाव घाला.”

“व्हय गं माय,” पारूबाई उठली. “पर आमचं मालक…”

“मालकाला मी बघते,” मी म्हणाले. “उद्या अशोक जीप आणील दारात. सून तयार ठेव.”

ती गेली. मी कांचनकडं वळले. “तुला जायचंय का अजून?”

“जायचंय आई. घर माझं हाय.” मग त्याच्याकडं न बघता म्हणाली, “पुढच्या खेपेला कुठं जायचं, ते मी सांगीन.”

नवनाथनं मान हलवली. उठला, हात धुतले, तिच्या हातातली पिशवी घेतली. दारात येऊन वाकून माझ्या पाया पडला, रीतीप्रमाणं. मी आशीर्वाद दिला, तोही रीतीप्रमाणं. आणि तो ताठ होऊन माझ्याकडं बघेपर्यंत थांबले, कारण मला ते त्याच्या डोळ्यांत बघून सांगायचं होतं.

“जावईबापू, पोटची पोर तुम्हीबी उचललीय, ते मी इसरणार न्हाई. लेक पाठवतीय, ती तिला यायचंय म्हणून. माणूस म्हणून तुम्ही वाईट न्हाई. पर माझी नात त्या शून्यात निजलीय, आन् तिच्या शेजारी दुसऱ्याची पोर निजवायला तुम्ही आत्ता माझ्याच सोप्यात बसून तयार झालासा, का, तर तुमचं चुकलं न्हाई म्हणायला. इथनं पुढं तुम्हाला कुणी काय इचारू नये, असे तुम्ही हायसा.”